कार्तिकात वाजलेला शिमग्याचा ढोल

आमच्या गावात शिमग्याला पालखी उठते तेव्हा ढोलावर पहिली काठी आमच्या घराची पडते. हा मान माझ्यामुळे घरात आला असं सगळे सांगत आले. परगावचा पाहुणा आला की त्याला देवळाच्या पायरीवर बसवून गोष्टही सांगायचे: तुफान आलं, तार तुटली, आणि तारमास्तरांनी ढोल वाजवून खालच्या वाडीच्या होड्या परत आणल्या. तुफान आलं होतं, तार तुटली होती, होड्याही परत आल्या होत्या. फक्त ढोल मी वाजवला नव्हता.

ही एकोणीसशे तीसनंतरची हकीगत आहे. साल मुद्दाम देत नाही, कारण आता खात्री राहिली नाही. बाकीचं मात्र काल घडल्यासारखं आठवतं. आमचा गाव रत्नागिरीच्या उत्तरेला, खाडीच्या तोंडाशी. वर सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या उघड्या माळावर, वरची वाडी. तिथे कलमांच्या बागा आणि भाताची खाचरं. पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला, लागून खालची वाडी. तिथे माड, होड्या आणि वाळत घातलेली जाळी. दोन्ही वाड्यांच्या मधोमध, पाखाडीच्या, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या, अर्ध्या वाटेवर, ग्रामदेवतेचं देऊळ. आम्ही खालच्या वाडीतले. दादा, माझा मोठा भाऊ, होडीवर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. मी मुंबईला मावशीकडे राहून इंग्रजी शिकलो, पुढे तारेचं काम शिकलो आणि नशिबाने माझ्याच गावात नेमणूक झाली. ऑफिस आमच्याच घराच्या पडवीत होतं. भिंतीत खिडकी पाडली होती, बाहेर पाटी होती, आत टेबलावर यंत्र होतं. ते दिवसभर कट्टकट्ट करायचं. वहिनी त्याला सुतारपक्षी म्हणायची.

"भावजी, तुमचा सुतारपक्षी आज लय भुकेला दिसतोय. भिंत पोखरून टाकील."

वहिनी दादाची बायको. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, काटक, आणि जिभेला धार. मला पोटच्या पोरासारखं जेवू घातलं तिनं, पण वाढताना एकही घास बोलण्याशिवाय दिला नाही.

गावाला तारेची सवय किती लवकर लागली, ते आज सांगून पटायचं नाही. घरटी एक माणूस मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत. पूर्वी आगबोटीने पत्र यायचं आणि महिनाभर जपून ठेवायचं. आता कुणी शिंकलं तरी तार. "पोचलो." "बरा आहे." "पोर झालं." खिडकीशी माणसं उभी राहून विचारायची, "आमची तार हाय काय ओ?" नसली तर काळजी, असली तर त्याहून मोठी काळजी. मी खिडकीच्या आत बसून साऱ्या गावाचं सुखदुःख आधी जाणायचो आणि मग वाटायचो. पंचविशीतल्या माणसाला तेवढं डोक्यात जायला पुरे.

त्या साली आणखी एक गोष्ट होती. दोन्ही वाड्या कोर्टात होत्या. शिमग्याला पालखी आधी कुणाच्या सहाणेवर, म्हणजे देवाला बसवायच्या चौथऱ्यावर, टेकवायची यावरून भांडण पेटलं. भांडण मारामारीवर गेलं, मारामारी रत्नागिरीला वकिलांकडे गेली. दोन शिमगे पालखी देवळाबाहेर पडली नव्हती. ढोल देवळाच्या खोलीत बंद, आणि खोलीच्या दाराला दोन कुलपं: एक वरच्या वाडीचं, एक खालच्या वाडीचं. कुणी एकट्याने देव बाहेर काढू नये म्हणून.

दिवाळी सरली होती. कार्तिकातली सकाळ, आभाळ धुतल्यासारखं निळं. होड्या पहाटेच गेल्या होत्या, दादाचीही. पुळणीवर एक फुटकी डोणी तेवढी उलटी पडलेली. मी टेबलापाशी बसलो आणि यंत्र बोलायला लागलं. मी लिहून घेऊ लागलो. सरकारी संदेश होता. तुफान. जोराचं. दक्षिणेकडून. आणि पुढचा शब्द सुरू होता होता यंत्र थांबलं.

मी संदेश पाठवायची किल्ली दाबली. पलीकडच्या ऑफिसला हाक मारायची आमची खूण असते, ती दिली. उत्तर नाही. पुन्हा दिली. उत्तर नाही.

आता इथे आमच्या धंद्यातली गोष्ट सांगायला हवी. संदेश पुरा आल्यावर तो पोचला अशी खूण आपण परत द्यायची, तोवर तो आलाच नाही असं धरायचं. अर्धी तार कुणाला द्यायची नाही, कुणाला सांगायची नाही. "आई बरी नाही" एवढीच आली आणि "असं वाटलं होतं, आता बरी आहे" हे राहिलं, तर माणूस उगाच काळीज फुटून मरेल. नियम चांगला होता. मी तो इतका पाठ केला होता की त्याच्या पलीकडे काही दिसतच नव्हतं. मी किल्ली दाबत बसलो. पुन्हा सांगा. पुन्हा सांगा. पुन्हा सांगा.

वहिनी पेजेचा वाडगा घेऊन आली. "सुतारपक्षी गप कशानं?"

"तार मेली."

"आणि मरताना काय बोलली?"

"ते सांगता येत नाही. सरकारी आहे."

तिनं वाडगा टेबलावर ठेवला. माझ्या कागदांवरच ठेवला. "भावजी, तुमचं तोंड पांढरं पडलंय. तुमचे दादा दर्यात हायत. काय बोलली ती?"

"तुफान," मी म्हणालो. "पण अर्धीच आली. कधी, किती, कुणीकडे चाललंय, काही कळलं नाही. उरलेली आली की—"

"आणि नाय आली तर?"

"येईल. थोडा वेळ लागेल. बाहेर बघ ना, आभाळ कसं आहे!"

"आभाळाला कुठं तार येते?" ती म्हणाली. "शेजाऱ्यानं 'साप' म्हणून बोंब मारली, तर तुमी कंच्या जातीचा ते विचारीत बसाल?"

मी पुन्हा किल्ली दाबली. हे लिहिताना लाज वाटते, पण मी तिच्याकडे पाठ करून किल्ली दाबली. ती पाठीमागून दाराकडे वळली. मग म्हणाली, "शिमग्याचा ढोल वाजवला तर येतील."

मला हसूच आलं. "कार्तिकात?"

"म्हणून तर येतील. फाल्गुनात वाजला असता तर जेवूनखाऊन आले असते."

ती काय म्हणाली ते कळायला मला क्षणभर वेळ लागला. पालखी उठतानाच्या ढोलाची चाल आमच्याकडे कुणालाही झोपेतून उठवून विचारावी. ती ऐकली की गावचा पुरुष दर्यात राहत नाही. देव बाहेर आणि माणूस पाण्यात असं चालत नाही. त्यात दोन साल देव बाहेर पडलेला नव्हता. आता आपण दर्यात असताना तो ढोल वाजतोय, याचा अर्थ होड्यांवरची माणसं एकच लावणार: वरच्या वाडीने दगा दिला, आपल्या माघारी देव काढला! सोन्याची मासळी जाळ्यात असती तरी ती टाकून आले असते.

"वयनी, ढोलाला कुलपं आहेत. आपली चावी ज्यांच्याकडे ते दर्यात, वरची ज्यांच्याकडे ते कुठे कोण जाणे. आणि तो देवाचा ढोल आहे, तू बाईमाणूस—"

पण ती पाखाडीला लागली होती. मी मागोमाग धावलो. खरं लिहायचं म्हणून बसलो आहे तर हेही लिहितो: मी मदतीला धावलो नाही. तिला अडवायला धावलो.

देवळात गुरव एकटेच होते, पूजेचं तबक घासत. वहिनीला ढोलाच्या खोलीचं दार हलवताना बघून उठले.

"अगो बाय, कुलपं दोन हायत!"

"धोंडा एक पुरे," ती म्हणाली, आणि गडग्यावरचा जांभ्याचा चिरा उचलून कुलपांवर घातला. पहिलं आमच्या वाडीचं तुटलं. मग वरच्या वाडीचं.

गुरव मधे आले. "कौल लावल्याबिगर ढोल उतरवायचा नसतो. देवीनं नाय म्हटलं तर?"

"मग लावा ना कौल. मी कुठं नको म्हणते? तुमी लावा, मी वाजवते. तिला नको असंल तर सांगंल ती, आपल्याच गावची हाय."

बिचाऱ्यांनी खरंच ओल्या हातांनी देवीला फुलाच्या कळ्या लावल्या आणि हात जोडून उभे राहिले. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. तोवर वहिनीनं ढोल आढ्यावरून उतरवून देवळासमोरच्या कठड्याशी ओढत आणला होता. तिथून खाली माडांचे शेंडे, मग पुळण, मग समुद्र. सकाळचा वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत होता. काठी घेऊन ती क्षणभर थांबली, पदर कमरेला खोचला आणि पहिला टोला दिला.

ती चाल तिला कुणी शिकवली नव्हती. भात कांडताना आमच्या बायका त्याच ठेक्यावर मुसळ टाकतात. तिच्या खांद्यात ती लहानपणापासून होती. दोन साल मुका असलेला ढोल आधी घोगरा वाजला, मग मोकळा झाला. मी "वयनी, बस कर" म्हणत होतो, ते मलाही ऐकू येत नव्हतं. गुरव पुढे आयुष्यभर शपथेवर सांगत, की पहिल्या टोल्यालाच उजवी कळी पडली; टोला कुणाचा, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ढोलाच्या हादऱ्याने पडली की देवीने पाडली, मला ठाऊक नाही. पडली एवढं खरं.

डोंगराच्या नाकाडाआड होड्या होत्या, त्यामुळे समुद्र बराच वेळ रिकामाच दिसला. ती वाजवत राहिली. घाम कपाळावरून डोळ्यांत जात होता. शेवटी नाकाडाच्या टोकाशी एक शीड आलं. मग दुसरं. जवळच्या होडीनं ढोल ऐकला, तिनं पुढच्या होडीला ओरडून सांगितलं, तिनं तिच्या पुढच्या. आमच्या समुद्रावरची तार हीच, आणि तीही काही कमी वेगाची नव्हती. एकामागून एक शिडं वळली. आणि मी पाहिलं, होड्यांतली माणसं वल्ही मारत नव्हती, वल्ही उगारत होती.

"आले," वहिनी म्हणाली. "भांडायला आले. चांगलं झालं."

त्याच वेळी पाठीमागून सड्यावरून आरडाओरडा ऐकू आला. ढोल वरच्या वाडीनेही ऐकला होता, आणि खालच्या वाडीने देव चोरला असं त्यांनी धरलं होतं. काठ्या, कोयते घेऊन सगळी वाडी पाखाडी उतरत होती. पुढे त्यांचे मानकरी, पांढऱ्या मिशांचे, दमेकरी, तरी सगळ्यांच्या पुढे. वहिनीनं मागे वळून बघितलं. वाजवणं न थांबवता ती माझ्या जवळ सरकली आणि म्हणाली, "हात पुढं करा."

मी केला. तिनं काठी माझ्या हातात कोंबली. "वाजवा."

वरची वाडी वळणावर आली तेव्हा त्यांना काय दिसलं? तारमास्तर ढोल बडवतोय, आणि त्याची वहिनी बाजूला पदराने घाम पुसतेय.

"कुणी सांगितलं ढोल काढायला?" मानकरी ओरडले. "देवाचा ढोल! कुणाच्या बापाचा हुकूम?"

बाईने ढोलाला हात लावला असं कळलं असतं, तर देऊळ धुवून काढून आमच्या घराला वाळीत टाकलं असतं. त्या काळात ते बोलायला लागत नव्हतं. मी तोंड उघडलं आणि जे निघालं ते असं: "सरकारी हुकूम. तुफान येतंय. तार आली आहे."

"सरकारी" या शब्दापाशी काठ्या खाली झाल्या. आभाळ अजून निळंच होतं. मानकऱ्यांनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे तुफान?"

मी समुद्राकडे बोट दाखवलं. दक्षिणेकडे, पाण्याच्या कडेला, कुणी काजळ ओढावं तशी रेघ दिसू लागली होती आणि वाऱ्याची दिशा फिरली होती. माडांचे शेंडे उलटे झाले. वल्ही उगारून येणाऱ्या होड्यांकडे मानकऱ्यांनी बघितलं. मग आपल्या माणसांवर खेकसले, "बघताव काय? उतरा खाली! होड्या वर कोण ओढणार, त्यांची म्हातारी?"

भांडायला आलेल्या दोन्ही वाड्यांची गाठ पुळणीवर पडली. पहिल्या होडीतून उडी मारलेल्या माणसाने समोरच्याची गचांडी धरली, समोरच्याने "आधी होडी धर मेल्या, मग मला धर" म्हणून त्याच्या हातात दोर दिला. होड्या माडांच्या बुंध्यापर्यंत ओढल्या, दोरांनी बांधल्या. सगळ्या आल्या. दादाची सोडून.

दादा सगळ्यात लांब गेला होता. वाऱ्याने तोंड फिरवलं तेव्हा त्याची होडी खाडीच्या तोंडाशी, लाटा फुटतात तिथे होती. आम्हाला ती दिसायची आणि नाहीशी व्हायची. वहिनी पाण्यात उतरली होती. मी तिचा हात धरला. ती रडत नव्हती. ओरडून शिव्या देत होती, दादाला, लाटांना, सुतारपक्ष्याला. होडी आडवी होऊ लागली तेव्हा वरच्या वाडीची माणसं, ज्यांना पोहताही येत नव्हतं, हातात हात गुंफून साखळी करून पाण्यात शिरली. टोकाला आमच्या वाडीचे पोहणारे. होडीवरून दोर आला, टोकाने झेलला, साखळीने ओढला. होडी वाळूवर आपटली, फळी फुटली, पण दादा आणि त्याचे गडी पायांवर उतरले.

उतरल्या उतरल्या दादाचा पहिला शब्द: "देव कुणी काढला?"

"देव कशाला काढतील?" वरचे मानकरी त्याला सावरत म्हणाले. "तुझा भाऊ हाय ना. त्यानं तुला काढला."

दादाने मला मिठी मारली. खारट, ओली, हाडं मोडतील अशी. वहिनीनं त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. गप्प राहा.

मग तुफान आलं. कौलं उडाली, माड पडले, पण आमच्या गावचं एकही माणूस गेलं नाही.

नंतरचे दिवस मला माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले वाटतात, आणि त्या दिवसांत माझं यंत्र मेलेलं होतं. तारेचे खांब सड्यावर आडवे झालेले, रस्त्यावर झाडं, आगबोट बंद, टपाल बंद. पहिल्या दिवशी लोक सवयीने खिडकीशी आले. "तार हाय काय ओ?" नाही म्हटल्यावर थोडा वेळ उभे राहिले, यंत्राकडे मेलेल्या म्हशीकडे बघावं तसं बघून गेले. दुसऱ्या दिवशी देवळात दोन्ही वाड्या बसल्या. वरच्या वाडीला सड्यावरून रत्नागिरीच्या बंदरावरचा बावटा दिसे. खालच्या वाडीला समुद्र आणि होड्या. एकाला दिसलेलं दुसऱ्याला कळायला हवं होतं. ढोल तर बाहेर होताच, कुलपं तर फुटली होतीच. ठेके ठरले. बंदरावर धोक्याचा बावटा चढला की एक. आगबोट दिसली की दुसरा. वैद्य हवा असेल तर तिसरा. खालच्या वाडीत मासळी आली की चौथा, आणि तो ऐकला की वरून भात घेऊन बायका उतरत.

वरच्या वाडीतल्या एका घरची मुलगी आमच्या वाडीत दिलेली, दिवस भरलेली. मुलगा झाला तर जोरात वाजवायचं, मुलगी झाली तर हळू, असं कुणीतरी सुचवलं.

"हळू कशाला?" वहिनी म्हणाली. "तिच्या आयशीला वर ऐकू गेलं पाहिजे. मुलग्याला हळू वाजवा, त्याचा आवाज पुढं जन्मभर ऐकायचाच हाय."

मुलगी झाली. ढोल असा वाजला की सड्यावरची गुरं उधळली.

मुंबईची बातमी हवी होती. दादाची होडी दुरुस्त होताच तो रत्नागिरीच्या मांडवी बंदरात जाऊ लागला. तिथून मुंबईकडे जाणाऱ्या गलबतांच्या तांडेलांना गावचे निरोप तोंडी सांगायचा. लिहून नाही, तोंडी. दादाला लिहिता येत नव्हतं, आणि त्या तांडेलांनाही. घराघरातून तो निरोप गोळा करी, ओट्यावर बसून पाठ करी. "सदऱ्याला ठिगळ लावून ठेवलंय म्हणावं." "म्हशीनं दूध वाढवलंय." काही दिवसांनी उत्तरं आली, तशीच तोंडी. दादा ओट्यावर उभा राहून सांगायचा, आणि जो जसा बोलला असेल तसा.

"तुझ्या मुलग्यानं सांगितलंय, बरा हाय," तो एका म्हातारीला म्हणाला.

"एवढंच?"

"आधी थोडा खोकला, मग बोलला म्हणे. म्हणून मी पण खोकलो."

म्हातारी हसता हसता रडली. माझ्या हातून तिला कितीतरी तारा गेल्या होत्या. एकीतही तिच्या पोराचा खोकला नव्हता.

खांब उभे राहिले आणि एका दुपारी यंत्र पुन्हा कट्टकट्ट करू लागलं. पलीकडून विचारलं, तिकडची स्थिती काय? मी कळवलं: सर्व होड्या, सर्व माणसं सुखरूप. पलीकडून खूण आली: पुन्हा सांगा. त्याला वाटलं मी चुकलो.

वहिनी दारात उभी होती. "उरलेली तार आली काय ओ?"

"नाही. ती आता कशाला येईल?"

"मागून घ्या. अर्धी ठेवू नये."

त्या सालच्या शिमग्याला पालखी दोन्ही सहाणांवर एकाच दिवशी टेकली. आधी कुठे, ते देवीलाच कौल लावून विचारलं, आणि कोर्टातला दावा मिटला. सगळ्या गावासमोर मानकऱ्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला आणि जाहीर केलं, की ढोलाची पहिली काठी यापुढे तारमास्तरांच्या घराची. दादाच्या घराची नव्हे. मी तोवर ऑफिसासह वेगळ्या घरात बिऱ्हाड केलं होतं. दादा माझ्या शेजारी उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "माझा भाऊ हाय. माझा." बायकांच्या घोळक्यात वहिनी इतर बायकांसारखीच हसत होती. मी काठी घेतली आणि वाजवली.

त्या दिवशी खोटं बोललो ते तिच्यासाठी. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटतं ते नंतरच्या एका शिमग्याचं. माझा मुलगा लहान होता. ढोलाजवळ उभ्या असलेल्या वहिनीच्या हातात त्याने काठी दिली, "काकी, तू वाजव ना." कुणीतरी पटकन काठी काढून घेतली. "बायांनी हात लावू नये रे, देवाचा ढोल हाय." वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तेव्हा वाळीत टाकण्याचे दिवस सरत आले होते. मी बोललो असतो तर थोडी कुजबुज झाली असती, एवढंच. मी फेटा सारखा केला आणि दुसरीकडे बघितलं. ती घरी निघून गेली. त्याबद्दल माझ्याशी कधी बोलली नाही, आणि तिच्यासारख्या बाईने न बोलणं काय असतं, ते मी पुढे वर्षानुवर्षं ऐकलं. दादा गेला तो माझा अभिमान बाळगूनच गेला. त्यालाही मी सांगितलं नाही.

यंदाच्या शिमग्याला सहाणेवर पालखी बसली, सगळे जमले, आणि प्रथेप्रमाणे काठी माझ्या हातात आली. मी ती वर धरली आणि म्हणालो की ही माझी नाही. मग सगळं सांगितलं. अर्धी तार, किल्ली, धोंडा, कुलपं.   ज्या मानकऱ्यांनी मला फेटा बांधला होता त्यांचा मुलगा आता मानकरी आहे, तोही सत्तरीचा. 

"म्हणजे आमचा बापूस काठ्याकोयते घेऊन धावला," तो म्हणाला, "तो एका बाईच्या ढोलावर?"

"होय."

"आणि होड्या वल्ही उगारून आल्या, त्याही?"

"त्याही."

त्याला हसू फुटलं. मग सगळ्यांना फुटलं. "बोलवा त्या म्हातारीला," तो म्हणाला. "का पालखी पाठवू?"

पाठवायला लागली नाही. वहिनी बायकांच्या घोळक्यातून पुढे आली, नातीच्या खांद्यावर हात टेकून, पण पाठ ताठ. ऐंशीला टेकली आहे. माझ्या हातातून तिनं काठी घेतली, मागितली नाही. पदर कमरेला खोचला. ढोलावर एक टोला मारून कान लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"सैल पडलाय. इतकी सालं हाच वाजवीत होतात? तापवा तो."

पोरांनी धावत पेंढा आणून पेटवला, ढोल शेकला. ती वाट बघत उभी राहिली; सगळा गाव, दोन्ही वाड्या, पालखीतला देव, सगळे तिच्यासाठी थांबले. थांबल्या थांबल्या ती माझ्याकडे वळली.

"भावजी, उरलेली तार आली म्हणायची."

मग ढोल पुढ्यात आला आणि तिनं वाजवायला सुरुवात केली. पहिले काही टोले हळू पडले. नंतर मुसळाचा ठेका तिच्या खांद्यात परत आला, आणि पालखी उठली.